खराऱ्याचा हात



आजीनं घातलेलं एक कोडं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? तिन्हीचं उत्तर एकच, न फिरवल्यानं. भाकरीचं आपल्याला रोज कळतं. विड्याची पानं उलटीपालटी केली नाहीत तर कुजतात, हेही घरात पाहिलेलं असतं. घोड्याचं मात्र आपण नुसतं पाठ केलं. तो का अडतो, हे विचारायचं कधी सुचलं नाही. आम्हालाही सुचलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर आमच्या शिवारात मेंढक्यांचा वाडा उतरला. आम्ही चौघी रेकॉर्डर घेऊन गेलो, ओव्या मिळतील म्हणून. पाल ठोकून झालं होतं. पुरुष मेंढरांकडे होते, बाया चुलीच्या दगडांकडे. ज्या मावशींनी गायचं कबूल केलं होतं त्या मात्र घोडीपाशी बसल्या होत्या. घोडी मागचा डावा पाय टेकवत नव्हती. मावशींनी तिच्या चारही खुरांवर आळीपाळीनं तळहात ठेवला, ताप बघताना आपण पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. मग म्हणाल्या, "हा खूर तापलाय. बाकीचे गार हायेत." शेजारचा एक जाणता माणूस सांगत होता की गुडघ्याला डाग द्या, उद्या पळायला लागेल. मावशींनी ऐकलं नाही. "डाग गुडघ्याला आन् दुखणं खुरात. कशाला जाळायचं तिला?"

आम्ही विचारलं, हे कुणी शिकवलं? "सासूनं." सासूला कुणी? त्या हसल्या. "तिच्या सासूनं. आनि कोन?"

त्या दिवशी ओव्या राहूनच गेल्या. पण तो प्रश्न आमच्या डोक्यात बसला. घोड्याच्या अंगावर हात फिरवायचा, पाय चोळायचे, चालवून घाम काढायचा, हे शहाणपण किती जुनं असेल? मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं. त्यातलं आज तुमच्यापुढं ठेवतो.

फार मागं गेलं की कौटिल्याचं अर्थशास्त्र सापडतं. राजानं राज्य कसं करावं याचा तो ग्रंथ. त्यात घोड्यांवरच्या अधिकाऱ्याचा एक वेगळा अध्याय आहे आणि त्यात चक्क घोडीचं बाळंतपण आहे. व्यालेल्या घोडीला तीन रात्री एक प्रस्थ तूप पाजावं. प्रस्थ हे तेव्हाचं माप. त्यापुढं दहा रात्री सातूचं पीठ, आणि तेलात कालवलेलं औषध. मग शिजवलेलं धान्य आणि हिरवा चारा. शिंगरू दहा दिवसांचं झालं की त्याला थोडं पीठ, त्याच्या पाव भाग तूप आणि दूध. हे वाचून आम्ही एकमेकींकडे बघितलं. पहिले दिवस तूप, मग पातळ खाणं, मग घट्ट, ही तर आपल्या घरातली बाळंतिणीची पद्धत! आमचं आपलं मत असं की कौटिल्यानं स्वतः काही बाळंतपणं केली नसणार. तबेल्यात राबणाऱ्या कुणाकडून तरी त्यानं हे ऐकलं असणार. ते कोण, ते पुस्तकात नाही.

त्याच अध्यायात घोड्यांना दिवसातून दोनदा अंघोळ घालावी असंही सांगितलंय. आणि एक नियम तर फार मोलाचा वाटला. उपचारात हयगय होऊन घोड्याचं दुखणं वाढलं, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. त्या चुकीनं घोडा दगावला, तर त्याची पूर्ण किंमत भरून द्यायची. डाग द्या म्हणून सांगून निघून जाणाऱ्यांना हा नियम आज लावला तर गावोगावी वर्गणी जमेल.

घोड्यांच्या वैद्यकाचा मूळपुरुष म्हणून शालिहोत्र या ऋषीचं नाव घेतात. त्याच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणायला लागले. जुन्या मराठीत हा शब्द सर्रास होता. पुढं बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजानं मानसोल्लास नावाचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यातही घोडे आहेत. हे कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवकडच्या सीमेपलीकडं. पण या सगळ्या ग्रंथांतले घोडे राजाचे. आपल्याला हवंय ते आपल्या गावचं तट्टू.

ते तट्टू म्हणजे भीमथडीचं. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यात वाढलेली ही जात अंगानं लहान, पण काटक. थोड्या चाऱ्यावर निभावणारी, डोंगरवाटेनं न अडखळता जाणारी. मोगली फौजेतल्या दांडग्या घोड्यांना रोजचा दाणापाणी पुरवणं हेच एक मोठं काम होतं. आपल्या तट्टांचं तसं नव्हतं. मराठ्यांच्या फौजा झपाट्यानं हलायच्या, त्यात या तट्टांचा वाटा मोठा. राज्यगीतात त्यांचं नाव आहे ते उगीच नाही.

पण काटक जनावर झालं म्हणून त्याला काही लागत नाही असं थोडंच आहे? शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासदाच्या बखरीत सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्या पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी व एक नालबंद. पखालजी पाणी आणणार, नालबंद खूर पाहणार. आपण हिशेब करून बघू. पंचवीस जनावरांमागं दोन माणसं नुसती पाण्याला आणि पायांना. तलवारी किती, भाले किती, याच्या बरोबरीनं हा हिशेब मांडलेला आहे. घोडा पोटानं आणि पायानं जगतो, हे तिथं कुणाला तरी पक्कं ठाऊक होतं.

याच महाराजांचं चिपळूणकडच्या लष्करी अंमलदारांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ शाळेत सांगतात. पण ते पत्र घोड्यांपासून सुरू होतं. उन्हाळा सरत आलाय, पागा मुक्कामाला आहे. दाणा आणि वैरण मोजून साठवलीय. ती आत्ताच वाटेल तशी उधळलीत तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होईल. मग तुम्ही लोक कुणब्यांच्या घरात शिरणार, कुणी दाणे आणणार, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. कुणबी परागंदा होईल. एका वैरणीच्या गंजीपासून ते सगळ्या मुलखाच्या संसारापर्यंत पत्र कसं जातं बघा. पुढं आगीची सूचना आहे. चूल जपा, तंबाखू ओढताना जपा, रात्री दिवा उघडा ठेवू नका. का? तर दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि वैरण पेटेल. ज्यांच्या घरी कडब्याची गंज आहे त्यांना हे वाचून अंगावर काटा येईल. राजानं उंदराचा विचार करावा, हे आम्हाला सगळ्यात भावलं.

पागेत घोड्याची निगा राखणाऱ्याला मोतद्दार म्हणत. आणखी एक शब्द होता, खासदार. होय, खासदार! जुन्या मराठीत खासदार म्हणजे घोड्याची चाकरी करणारा. आता तो दिल्लीला जातो. असो. हा मोतद्दार सकाळ-संध्याकाळ खरारा करायचा. खरारा म्हणजे दातेरी ब्रश. त्यानं आधी मळ उकरायचा, मग गवताच्या जुडीनं किंवा तळहातानं अंग रगडायचं. घामट घोडा लगेच बांधायचा नाही, आधी लगाम धरून सावकाश फिरवायचा. याला तेव्हा कुणी उपचार म्हटलं नाही, ती नुसती चाकरी होती. आज याच गोष्टींना फिजिओथेरपी म्हणतात आणि त्याची फी असते.

हरभरा कोण भरडत होतं, गवत कोण कापून आणत होतं, पागेची लीद कोण उचलत होतं, हे बखरी सांगत नाहीत. गावात ही कामं कुणाच्या वाट्याला येतात ते आपण जाणतो, म्हणून आम्हाला अंदाज आहे. त्यापुढं आम्ही जात नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तट्टांचे दिवस फिरले. इंग्रजांना उंच घोडे हवे होते. ऑस्ट्रेलियातून जहाजं भरभरून घोडे येऊ लागले. भीमथडीच्या तट्टाला फौजेत काम उरलं नाही. ते टिकलं कुठं? तर मेंढपाळांच्या वाड्यात. माण, फलटण, बारामती, जत या भागांतले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात, कुणी घाट उतरून कोकणात जातं, आणि पावसाच्या तोंडाला परततं. पुरुष मेंढरांच्या मागं रानोमाळ. संसार चालतो तो घोड्यांच्या पाठीवर, आणि घोडी चालतात बायांच्या हाती. पाल, भांडी, दाणे, कोंबड्या, नुकतं झालेलं कोकरू आणि कधीकधी लेकरूसुद्धा, हे सगळं बाईनं लादायचं, दोर आवळायचे, नव्या रानात उतरवायचं. अलीकडं कर्नालच्या केंद्रीय संस्थेनं भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदून घेतली. चांगलं झालं. पण तिथवर ही जात जिवंत पोचली ती कुणाच्या हातून, याचा विचार त्या मावशींना पाहिल्यावर आम्ही पहिल्यांदा केला.

इकडं इंग्रजांच्या काळात जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षणही सुरू झालं. १८६२ मध्ये पुण्यात लष्करानं पशुवैद्यकाची शाळा काढली. मुंबईत परळला १८८३ मध्ये जनावरांचं रुग्णालय झालं, त्याला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं नाव आहे. १८८६ मध्ये तिथंच पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. सालोत्री मागं पडला, डॉक्टर आला. औषधं आली, लस आली. हात फिरवण्याची विद्या मात्र या शिक्षणात जरा बाजूलाच राहिली.

ती पुन्हा मान्यतेला आली ती दुसऱ्याच वाटेनं, आणि ती वाट बायांनी काढली. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित बायांची एक संस्था काढली. कारण ऐका. मालिशच्या नावाखाली शहरात नको ते धंदे चालत होते, वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला होता आणि प्रामाणिकपणे रुग्णांचं अंग चोळणाऱ्या बायाही बदनाम होत होत्या. या चौघींनी ठरवलं की परीक्षा घ्यायची, नियम करायचे, आपल्या कामाची अब्रू आपणच राखायची. इंग्लंडमधल्या आजच्या फिजिओथेरपीची मातृसंस्था ती हीच. आमच्यातल्या एकीची आई सुईण होती. ही गोष्ट ऐकून ती बराच वेळ गप्प बसली होती.

पुढं या शास्त्रातले काही जण माणसांकडून घोड्यांकडं वळले. चार्ल्स स्ट्राँग नावाचे इंग्रज फिजिओथेरपिस्ट पोलो खेळणाऱ्यांच्या दुखावलेल्या अंगांवर उपचार करायचे. मग त्यांनी तेच उपचार घोड्यांवर करून पाहिले आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. आता तिकडं घोड्यांचे फिजिओथेरपिस्ट हा स्वतंत्र पेशा आहे.

उलट्या बाजूचीही एक गोष्ट आहे, घोड्यानं बाईला उभं केल्याची. डेन्मार्कची लिस हार्टेल. १९४४ मध्ये पोटुशी असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय गेले. बसवून द्यायला माणूस लागायचा, तरी ती घोड्यावर बसत राहिली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत पुरुषांच्या बरोबरीनं उतरून तिनं रौप्यपदक घेतलं.

पण आम्हाला सगळ्यात जवळची वाटली ती डोरोथी ब्रुक. ही एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची बायको. १९३० मध्ये नवऱ्याबरोबर इजिप्तमध्ये कैरोला गेली. तिथं रस्त्यावर हाडांचे सापळे झालेले घोडे गाड्या ओढताना दिसले. पहिल्या महायुद्धात इंग्रज फौजेत लढलेले हे घोडे. युद्ध संपल्यावर सरकारनं त्यांना मायदेशी न नेता तिथंच विकून टाकलं होतं. पुढच्या वर्षी तिनं लंडनच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. लोकांनी पैसे पाठवले. तीन वर्षांत तिनं असे सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेक इतके म्हातारे आणि जायबंदी होते की त्यांना शेवटचे चार दिवस सुखाचे देऊन शांत मरण देणं एवढंच हातात होतं. एवढ्यावर थांबली असती तरी तिचं नाव राहिलं असतं. पण तिनं घोड्यांचे मालकही पाहिले. ते दुष्ट नव्हते, दरिद्री होते. घोड्याला सुट्टी दिली तर घरात चूल पेटत नाही, अशी माणसं. म्हणून १९३४ मध्ये तिनं तिथं मोफत रुग्णालय काढलं. तिच्या नावाची संस्था आज अनेक देशांत आहे, भारतातही आहे. उत्तर प्रदेशात वीटभट्ट्यांवर घोडा-खेचरांच्या जोरावर जगणाऱ्या कुटुंबांतल्या बायांचे गट अशा कामातून उभे राहिले. आपल्यासारखेच बचतगट, फक्त बैठकीत जनावराच्या पाठीची जखम आणि खुराची तपासणी हाही विषय.

आता कोड्याकडं येऊ. घोडा का अडतो? घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच, नुसती हाडं आणि दोरखंडासारख्या शिरा. तिथलं रक्त वर चढवायला खूर मदत करतो. खुराच्या तळाशी मधोमध एक त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो. पाऊल टेकलं की तो दाबला जातो आणि रक्त वर ढकललं जातं. पंपाच्या दांड्यासारखं समजा. घोडा बांधून ठेवला की पंप बंद. मग पाय सुजतात, अंग आखडतं, पोटही बिघडतं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोट फुगलं तर जिवावर बेततं. आजीच्या कोड्यात हे सगळं तीन शब्दांत होतं.

ज्यांच्याकडं घोडं आहे, लग्नाच्या वरातीचं असो की टांग्याचं की वाड्याचं, त्यांनी जुन्या चालीतलं काय धरावं आणि काय सोडावं? आम्ही डॉक्टरांना विचारलं. खरारा धरा, पण मान, खांदा, पुठ्ठा अशा मांसल जागी. कण्यावर आणि पायाच्या हाडांवर दातेरी ब्रश नको, तिथं हात किंवा मऊ कापड. खूर रोज उकरून साफ करा, वास आला तर समजा की सडायला लागलाय. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून घ्या. ताजी मुरगळ असेल तर पंधरा-वीस मिनिटं गार पाण्याची धार, शेक नको. तंग आवळताना खाली तळहात सरकला पाहिजे आणि पाठीवरच्या गादीला गाठ राहता कामा नये, गाठीखाली दोन दिवसांत जखम होते. दाणा एकदम तोबराभर देऊ नका, थोडा थोडा द्या. घोड्याला धनुर्वात लवकर होतो, म्हणून त्याची लस चुकवू नका. आणि डाग देणं सोडाच. जळल्याच्या वेदनेनं जनावर तेवढ्यापुरतं दुसरं दुखणं विसरल्यासारखं दिसतं. खालचं दुखणं तसंच राहतं, वर जखम वाढते.

आजीचं कोडंही दर वेळी खरं नसतं, हे त्या घोडीनं शिकवलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याचे डॉक्टर आले. त्यांनीही आधी चारही खुरांना हात लावला. मग डाव्या खुराचा तळ जरासा तासला, तर काळपट पू बाहेर आला. आत बाभळीच्या काट्याचं टोक होतं. "हिला आता फिरवायचं नाही," ते म्हणाले. कोमट मिठाच्या पाण्यात रोज दोनदा खूर बुडवायचा, वर स्वच्छ फडकं बांधायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन त्यांनी दिलंच. आठ दिवस विश्रांती.

मावशींनी मान हलवली, पण तोंड उतरलं. आठ दिवस वाडा एका रानात कसा थांबणार? शेतकऱ्यानं खतासाठी चार रात्रीच मेंढरं बसवली होती. रान खाऊन झालं होतं. आम्ही आमच्या परीनं दोन घरांतून कडबा जमवला, एकीनं पडीक तुकडा दाखवला. तेवढ्यावर एक दिवस वाढला.

सहाव्या दिवशी पहाटे वाडा हलला. पाल आणि भांडी दुसऱ्या दोन घोड्यांवर वाटली होती, कोंबड्यांचा डालगा एका सुनेच्या डोक्यावर होता. आजारी घोडीचा खूर फडक्यात गुंडाळून वर गोणपाट बांधलं होतं. तिच्या पाठीवर काहीच नव्हतं. मावशी तिच्या डाव्या अंगानं चालत होत्या, दोर सैल सोडून, तिच्या चालीनं. डांबरी सोडून मऊ मातीची कड धरली होती. बांधापाशी पोचल्यावर त्या थांबल्या, वाकल्या, आणि चारही खुरांना हात लावून बघितलं.